जायकवाडीच्या वादातले ६५ टक्के नेमके काय आहेत?

पाऊस कमी झाला की ऑक्टोबरमध्ये नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद ठरलेला. २०२३ मध्येही तेच झालं. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि दोन्हीकडे लोक रस्त्यावर उतरले.

मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये एक सूत्र दिलं होतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचं. पूर्ण उपयुक्त साठा साधारण ७६.६५ टीएमसी. म्हणजे भांडण आहे ते ५० टीएमसीच्या रेषेवर.

पण ही रेषा नदीत कुठे आखलेली नाही, ती गणितातून येते. पर्जन्यमापक, नदीच्या प्रवाहाच्या नोंदी, जमिनीत मुरणारं पाणी यांवरून खोऱ्यात किती पाणी येईल याचा अंदाज बांधतात. धरणं सहसा ‘७५ टक्के विश्वासार्हते’वर आखली जातात. म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षं तेवढं पाणी मिळेल. उरलेली २५ वर्षं मिळणार नाही, हे हिशेबातच धरलेलं असतं! आपण मात्र दर वेळी अचानक संकट आल्यासारखे वागतो.

बाष्पीभवनाचंच बघा. नाथसागर उथळ आणि पसरट आहे, पूर्ण भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटर. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर १७५ कोटी लिटर गेलं. या वेगाने सोळा-सतरा दिवसांत एक टीएमसी हवेत. हा अंदाज जरा चुकला, तरी एखाद्या तालुक्याचं आवर्तन हलू शकतं.

सोडलेलं पाणीही सगळं पोहोचत नाही. कोरडं पात्र पितं, वाटेतले बंधारे अडवतात. म्हणून नाशिककर ‘इतकं सोडलं’ म्हणतात आणि पैठणकर ‘इतकंच आलं’. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेलं. मला वाटतं, टक्केवारी बदलण्याआधी वाटेतली ही मोजणी रोजच्या रोज लोकांसमोर यायला हवी.

२०२३ चा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला, पाणी सुटलं नोव्हेंबरच्या अखेरीस. तोवर कालव्याखालच्या शेतकऱ्याला गहू पेरायचा की नाही, हे ठरवावं लागलेलं होतं.