बेटावरचे पाहुणे

गेल्या जुम्याला नमाज झाल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर आमच्या दापोलीकडचेच एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "भाई, आता परत कशाला जाता? गावचं घर विकून टाका आणि इथे जुफेरला एक फ्लॅट घ्या. पाच वेळा अजान कानावर पडते, हलाल आहे का म्हणून विचारावं लागत नाही, नाव ऐकून कुणी तोंड वाकडं करत नाही. म्हातारपणी आणखी काय पाहिजे?" शेजारी उभे असलेले तिघे-चौघे माना डोलावत होते.

मी तिथे काही बोललो नाही. उन्हात उभं राहून वाद घालण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पण हेच बोलणं मी लग्नात, मय्यतीत, फोनवर इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

मी १९९३ साली बहरीनला आलो. सित्रामधल्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये स्पेअर पार्टचा हिशेब ठेवायचो. २०१९ साली साठी झाली आणि कंपनीने परमिट पुढे वाढवला नाही. सव्वीस वर्षं झाली होती. आता मुलगा इथे नोकरीला आहे, त्याच्याकडे आम्ही नवराबायको येतो. माझ्या कागदावर आता 'व्हिजिटर' लिहिलेलं असतं. ज्या बेटावर माझे केस पांढरे झाले, तिथे मी पाहुणा आहे.

बेट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर ते खोटं होईल. नोव्हेंबर ते मार्च इथली हवा अशी असते की माणसाने बाहेरच बसावं. मुहर्रकच्या समुद्राकाठी असरनंतर चालायला जातो. बहरीनी म्हातारे खुर्च्या टाकून बसलेले असतात, सलाम केला की बसायला सांगतात, कावा पुढे करतात. मनामाच्या बाजारात साफी आणि हामूर ताजी मिळते. (साफी तळली की आमच्या खाडीच्या मासळीची आठवण येते, पण बायकोला ते मान्य नाही.) रांगेत म्हाताऱ्याला कुणी ढकलत नाही. हे सगळं खरं आहे.

पण फ्लॅट घ्या म्हणणारे लोक जानेवारीतलं बेट सांगतात, जुलैतलं सांगत नाहीत. चाळीसच्या वर पारा आणि त्यात समुद्राचा दमटपणा. तेव्हा ईशाच्या नमाजेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मुलगा सकाळी सहाला जातो, सून साडेसातला, नातू शाळेत. मग मी, बायको आणि एसी. गाडी चालवण्याचं लायसन संपलेलं, बस आहे पण थांब्यापर्यंत चालायचं कसं? गावी दुपारी ओटीवर नुसतं बसलं तरी चार माणसं येऊन जातात. इथे तीन महिन्यांत समोरच्या दारातला माणूस कोण हे मला कळलेलं नाही.

हेही सोसलं असतं. खरी गोष्ट पैशाची आणि कागदाची आहे, आणि तीच पायऱ्यांवर कुणी बोलत नाही.

बहरीनने २०२२ साली गोल्डन रेसिडेन्सी जाहीर केली तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुबारकबादी सुरू झाली. अटी कुणी वाचल्या? पंधरा वर्षं इथे काम केलेल्या निवृत्त माणसाला ती मिळू शकत होती, पण त्याचा मूळ पगार सरासरी २,००० दिनार असायला हवा होता. नाहीतर २ लाख दिनारची मालमत्ता, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर. माझा शेवटचा मूळ पगार ३२० दिनार होता. पहिल्या तीन वर्षांना अर्धा-अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिना, या कायद्याच्या हिशेबाने माझ्या हातात ७,८४० दिनार पडले. तेव्हाच्या भावाने साधारण साडेचौदा लाख रुपये. पेन्शन नाही, ती तिथल्या नागरिकांना. स्वस्त फ्लॅटवरही परमिट निघतो म्हणतात. निघतो, पण तो मुदतीचा असतो आणि दरमहा उत्पन्न दाखवावं लागतं. म्हाताऱ्याने ते कुठून दाखवायचं, मुलाच्या खिशातून? आणि मुलाची नोकरी गेली की?

ज्या नव्या जुफेरमध्ये मला फ्लॅट घ्यायला सांगतात ते समुद्रात भराव टाकून उभं केलेलं आहे. तो भराव कुणी टाकला? तिथल्या इमारतींना लागलेले पंप, पाइप, वायर यांच्या नोंदी काही प्रमाणात माझ्याच रजिस्टरमध्ये आहेत. ज्याने टाकला त्याला राहता येत नाही, ज्याच्याकडे चार कोटी आहेत त्याला येतं. हा व्यवहार आहे, मी समजू शकतो. जगात बहुतेक देश असंच करतात. माझी तक्रार बहरीनशी कमी आणि आपल्या लोकांशी जास्त आहे, कारण आपण या व्यवहाराला दीनचं नाव देतो.

"मुसलमानांचा मुल्क आहे, आपलाच आहे." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. उम्मत मशिदीच्या सफेत जरूर दिसते. खांद्याला खांदा लावून बहरीनी शेठ, पाकिस्तानी ड्रायव्हर, बंगाली सफाईवाला आणि मी उभे राहतो. सलाम फिरवला की शेठ आपल्या मुल्कात जातो आणि आम्ही आपापल्या मुदतीत. २०१५ साली मटणावरची सबसिडी गेली, पुढच्या वर्षी वीज-पाण्याचे परदेशी लोकांचे दर वाढू लागले, तेव्हा बिलावर कुणी धर्म विचारला नव्हता. केरळचा ख्रिश्चन आणि कोकणचा मुसलमान एकाच रांगेत. मय्यत झाली तर कबरीला जागा इथे मिळते, अल्लाहचं शुक्र आहे. जिवंतपणी मात्र परमिट लागतो.

आता त्या गृहस्थांच्या बोलण्यातला जो भाग मला झोपू देत नाही तो. नाव ऐकून तोंड वाकडं होणं. माझ्या भाच्याला पुण्यात खोली ठरल्यावर, नाव सांगितल्यावर, "ती कालच गेली" असं उत्तर मिळालं. त्याचं वय बावीस. त्याला मी काय सांगू? भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या घरात टीव्हीवर बातम्या लागल्या की बायको आवाज कमी करते. पण या अपमानाचं उत्तर म्हणून जी गोष्ट सुचवली जाते ती काय आहे? दाभोळच्या खाडीवर वाडवडिलांच्या नावाचा सातबारा आहे, मतदार यादीत नाव आहे, जमातीत बोलायचा हक्क आहे, तलाठ्याशी भांडायचा हक्क आहे. ते विकून जिथे मत नाही, भांडण नाही, मुदत संपली की सामान बांधायचं, तिथे जाऊन 'इज्जत' मिळवायची? गावी मला कुणी अपमानाने बोललं तर मी उलट बोलू शकतो. इथे सव्वीस वर्षांत मी एकदाही कुणाला उलट बोललो नाही. त्याला आपण शांतता म्हणतो.

गावाचं गोड चित्र मी काढत नाही. २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, पुढच्या वर्षी चिपळूण बुडालं. रात्री छातीत दुखलं तर चांगला डॉक्टर गाठेपर्यंत दोन तास जातात. अर्ध्या वाडीला कुलपं आहेत, कारण सगळे आखातात. पण ही कुलपं कुणी लावली? घरं विका म्हणणाऱ्यांनीच ना? दहा घरं उघडी असती तर डॉक्टरही जवळ आला असता आणि जमातीची शाळाही चालली असती.

बायकोचं मत वेगळं आहे आणि ते इथे न लिहिणं अन्याय होईल. ती म्हणते, "तुम्हाला सातबारा दिसतो, मला नातू दिसतो. सव्वीस वर्षं तुम्ही इथे होतात, मी तिथे कागद सांभाळत होते. आता मला कागद नकोत." याला माझ्याकडे उत्तर नाही. तिची ती वर्षं कोणत्याच ग्रॅच्युइटीत धरलेली नाहीत.

माझा व्हिसा पुढच्या आठवड्यात संपतो. तिने मुदत वाढवून घेतली आहे, नातवाची परीक्षा होईपर्यंत ती राहणार. मी पुढे जातो. निसर्गनंतर घाईत बसवलेले पत्रे गळतात, पावसाच्या आत माणूस बोलावून ते बदलायचे आहेत.