एका ‘पण’विरुद्ध

काटोलात प्रतवारी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की फळ आकारावरून वेगळे काढले जाते. मोठे एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, आणि लहान ते ‘चुरी’ म्हणून बाजूला. चुरीचा भाव निराळा, गिऱ्हाईकही निराळे. या व्यवहारात गोडी कोणी विचारत नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही; प्रत्येक फळ चाखून बाजार चालत नसतो. फळांची ही रीत माणसांना लावली जाते, आणि लावणाऱ्यांना चाखून पाहण्याची पूर्ण सोय असतानाही ते चाखत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका मैदानावर आम्ही कबड्डीची निवडचाचणी पाहिली. डाव्या कोपऱ्यात एक ठेंगणा मुलगा उभा होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याने तीन चढाईपटूंचे घोटे धरले आणि तिघेही परत मध्यरेषा गाठू शकले नाहीत. त्याची निवड झाली नाही. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पोट्टा चपळ आहे जी, पण अंगानं लहान पडते.” आम्ही साहित्य शिकवणारी माणसे, वाक्यातील उभयान्वयी अव्ययाकडे आमचे लक्ष आधी जाते. तीन पकडी ‘पण’च्या अलीकडे राहिल्या आणि निर्णय पलीकडे झाला. हा लेख त्या ‘पण’विषयी आहे.

हा प्रश्न काटोलपुरता नाही. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक सामन्यांत ‘पास रशर’ नावाची एक भूमिका असते. प्रतिपक्षाच्या संरक्षक फळीतून वाट काढून, चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचायचे, हे त्याचे काम. त्यासाठी त्याला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि समोर बहुधा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, सुमारे १४० किलो वजनाचा माणूस उभा असतो. ‘लहान’ अंगाचा खेळाडू हे करू शकेल काय, हा तेथील निवडकर्त्यांचा जुना वाद. तेथे ‘लहान’ कोणाला म्हणतात तेही पाहण्यासारखे आहे. जॉन रँडल हा सहा फूट एक इंच उंचीचा खेळाडू १९९० च्या निवडफेरीत कोणीही घेतला नाही. मागच्या दाराने संघात आलेल्या या माणसाने कारकिर्दीत चेंडू फेकणाऱ्याला १३७.५ वेळा जमिनीवर पाडले (अर्धा आकडा दोघांनी मिळून केलेल्या पकडीचा), आणि २०१० साली त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानमंडळात त्याचा समावेश झाला. एल्व्हिस ड्यूमरव्हिल पाच फूट अकरा इंचांचा. २००६ मध्ये तो चौथ्या फेरीपर्यंत मागे राहिला, आणि २००९ च्या हंगामात अशा १७ पकडी करून संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. आरन डोनाल्डच्या उंचीविषयीही कुरकुर झाली होती. २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला होता.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, आणि न्याय्यपणे म्हणेल, की हे अपवाद आहेत. जे लहान होते आणि अपयशी ठरले त्यांची यादी कोठे आहे? हा आक्षेप आम्ही टाळत नाही. अंगाचे वजन आणि हाताची लांबी यांना टकरीच्या खेळात काहीच अर्थ नाही, असे म्हणणारा मनुष्य त्या खेळात कधी पडलेला नसावा. परंतु अपवाद थोडे का, याचाही विचार व्हावयास हवा. चाळणी आधी लावायची, लहानांना खाली पाडायचे, आणि मग वर राहिलेल्यांत लहान कोणी दिसत नाही म्हणून चाळणी बरोबर होती असे ठरवायचे, हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे. आमच्या मैदानावरचा तो मुलगा पुढच्या वर्षी चाचणीला आला नाही. उद्या कोणी हिशेब मांडला, तर काटोलात ठेंगणा कोपरारक्षक झालाच नाही, अशीच नोंद निघेल.

प्रश्न शरीराला न विचारता कृतीला विचारला तर काय दिसते? कबड्डीत बोनस गुण घेण्यासाठी चढाईपटूला, समोर किमान सहा बचावपटू असताना, एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे ज्या क्षणी तो कोपऱ्याच्या सर्वांत जवळ असतो, त्याच क्षणी त्याचा सारा भार एका घोट्यावर असतो. तो भार जितका अधिक, तितका त्या क्षणी त्याला अधिक अडचणीचा. कोपरारक्षकाचे काम जमिनीपासून वीतभर उंचीवर घडते. उंच माणसाला तेथे पोहोचण्यासाठी आधी वाकावे लागते, आणि वाकणे म्हणजे चढाईपटूला दिलेली सूचना. अमेरिकेतील फळीवरही हेच शास्त्र चालते: जो खालून भिडतो, तो वरच्याला उचलतो. हीच गोष्ट उलटूनही सांगितली पाहिजे. मध्यरक्षकाने धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर फेकायचे असेल, तर तेथे वजनाला वजनच लागते, आणि ठेंगण्या मुलाला तेथे उभे करणे हा त्याच्यावरच अन्याय. तेव्हा ‘लहान मनुष्य यशस्वी होईल काय’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोठे, कोणत्या क्षणी आणि कोणत्या कामात, हे विचारल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही. खेळाच्या नियमांना हे ठाऊक आहे. कबड्डीत प्रौढ पुरुष खेळाडूच्या वजनाला कमाल मर्यादा आहे, किमान नाही. उंचीला तर कोणतीच नाही. ती खालची मर्यादा नियमपुस्तिकेत नसून निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे.

येथवर आमचे वाचक आमच्या बाजूने माना डोलवत असतील. आता आमचे दुसरे भांडण त्यांच्याशी, आणि खरे तर आमच्याशीच आहे. लहानांची बाजू घेताना आपण चटकन म्हणतो, ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान.’ या म्हणीतही तोच ‘पण’ आहे. निवडकर्ता म्हणतो, चपळ आहे पण लहान. आपण म्हणतो, लहान आहे पण महान. शब्दांची जागा बदलली, गृहीत तेच राहिले: लहान असणे हे मुळात उणे आहे आणि कीर्तीने ते भरून काढावयाचे आहे. वामनाची कथा आठवा. बळीराजाच्या या प्रांतात त्या कथेत कोणाची बाजू घ्यावी याविषयी तीव्र मते आहेत; तो वाद येथे नको. परंतु तीन पावले टाकताना वामन वामन राहिला नाही, हे तर सर्वांना मान्य आहे. लहानांच्या विजयाची म्हणून आपण जी कथा सांगतो, तिच्यात जिंकतो तो त्रिविक्रम.

खाशाबा जाधवांचेही आपण हेच केले आहे. लहान चणीचा मल्ल आणि ऑलिंपिकचे पदक, असा त्यांचा धडा आपण मुलांना सांगतो. वस्तुस्थिती अशी की कुस्तीत वजनगट असतात. १९४८ मध्ये लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्यांच्या समोरचे मल्ल त्यांच्याच वजनाचे होते. तेव्हा त्या पदकाने ‘लहानाने मोठ्याला हरवले’ असे काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते हे, की बरोबरीने तोलले गेले तर गोळेश्वरचा मल्ल जगातील उत्तमांत बसतो. त्यांना अडचण झाली ती शरीराची नव्हे. संघात जागा मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले आणि प्रवासाचा खर्च लोकांकडून उभा करावा लागला. त्यांचे कौतुक करताना आपण चण पुढे करतो, आणि त्यांना अडवणारी व्यवस्था सोयीस्करपणे मागे राहते.

साहित्याच्या अभ्यासकांना हे दूरचे वाटू नये. कथा हा कादंबरीपेक्षा कमी प्रतीचा वाङ्मयप्रकार होय, हे भालचंद्र नेमाड्यांचे मत सर्वश्रुत आहे. त्याला उत्तर देताना आम्ही वर्गात जी. ए. कुलकर्णींचे नाव घेतो आणि म्हणतो, ‘कथाच, पण कादंबरीचा ऐवज असलेली.’ म्हणजे कथेचा बचाव करताना आम्ही तिला कादंबरीच्या काट्यावर ठेवतो आणि वजन भरले म्हणून हर्ष मानतो. कथा जे करते ते कादंबरीला करता येते काय, हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. मग मैदानावरच्या त्या निवडकर्त्याला आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्याच्या हाती निदान फूटपट्टी तरी होती. आमच्या हाती तर पृष्ठसंख्याच.

दया, राखीव जागा किंवा लहान चणीचा गौरव, यांपैकी काहीही आम्ही मागत नाही. आमची मागणी साधी आहे आणि तिला खर्चही येत नाही. निवडचाचणीच्या कागदावर उंची-वजनाचे रकाने शेवटी ठेवा. आधी प्रत्येक मुलाला ठरावीक चढाया अडवू द्या, किती पकडी झाल्या आणि किती सुटल्या ते लिहा, आणि मगच पट्टी काढा. ज्याच्या पकडी सुटल्या तो ठेंगणा असो वा उंच, त्याला घरी पाठवा. आम्ही तक्रार करणार नाही. ज्याने तीन घोटे धरले, त्याच्या नावापुढे तीन हा आकडा लिहा आणि तेथे पूर्णविराम द्या.