घर विकताना मधला माणूस

संगमनेरात घर विकावयाचे झाले म्हणजे आजवर एक ठरलेला क्रम असे. मालकाने चहाच्या दुकानात किंवा वकिलाच्या ओटीवर एखाद्या ओळखीच्या गृहस्थाजवळ सहज विषय काढावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी तीन अनोळखी माणसे दारात उभी राहावयाची. आता निराळे दृश्य दिसू लागले आहे. पुण्यास किंवा बंगळुरास नोकरी करणारा मुलगा सुट्टीत येतो, मोबाईलवर घराची दहा-बारा छायाचित्रे काढतो, खोल्यांचे माप व अपेक्षित किंमत लिहितो आणि "मालकाकडून थेट विक्री, दलाल नको" अशी जाहिरात ऑनलाइन देऊन टाकतो. वडील थोडे साशंक असतात, आई मुलाच्या बाजूची असते. या नव्या वाटेचे आम्ही स्वागत करतो. मात्र तिच्यावरून जाणाऱ्यास पुढे काय लागते, हे आधी सांगितले पाहिजे, एरवी हे स्वागत बेजबाबदारपणाचे ठरेल.

पहिली गोष्ट पैशाची. दलाली साधारणपणे शेकडा एक ते दोन, आणि पुष्कळदा ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. पन्नास लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे एक लाख रुपये, दोन्ही पक्षांचे मिळून दोन लाख. निवृत्त शिक्षकाला किंवा बँकेतल्या कारकुनाला ही रक्कम लहान नाही. बरे, ती देऊन मिळते काय? पूर्वी याचे उत्तर "माहिती" असे होते. कोणते घर विकावयाचे आहे, कोणापाशी पैसा आहे, शेजारच्या गल्लीत कोणत्या भावाने व्यवहार झाला, हे दलालास ठाऊक असे व इतरांस नसे. ती मक्तेदारी आता उरलेली नाही. सात-बारा उतारा महाभूलेखावर दिसतो, मिळकत पत्रिका ऑनलाइन मिळते, शासनाचे वार्षिक मूल्यदर, ज्यांस सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात, आणि नोंदलेल्या दस्तांचा शोधही तेथेच घेता येतो. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी ठरविलेला दर आहे, बाजारभाव नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. शेजारच्या दोन-तीन घरांच्या सूची क्रमांक दोनची प्रत पाहिली तर कागदावरचा भाव तरी कळतो.

माहितीबरोबर अफवाही विकली जाते, हे आमच्या गावास सांगावयास नको. नाशिक-पुणे रेल्वे संगमनेरवरून जाणार अशी वार्ता आली की मुरमाड माळाचे भाव चढतात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मार्ग बदलणार असे ऐकू आले की तेच भाव उतरतात. विकणाऱ्यास "आता काढून टाका" आणि घेणाऱ्यास "आता घेऊन टाका" असे एकाच दिवशी सांगणारी जीभ एकाच माणसाची असू शकते. मालक व गिऱ्हाईक समोरासमोर बसले म्हणजे निदान एवढे तरी थांबते.

दलाल मालकासाठी अधिक भाव खेचून आणतो, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यावर अमेरिकेत दोन चांगले अभ्यास झाले आहेत. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील जवळजवळ एक लाख विक्रींचे आकडे तपासून २००८ मध्ये दाखविले, की दलाल स्वतःचे घर विकतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबवितो व ३.७ टक्के अधिक भाव घेतो. यात लबाडीपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. घर एक लाखाने अधिक गेले तर दोन टक्क्यांच्या दलालाच्या पदरी दोन हजार पडतात. तेवढ्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? दुसरा अभ्यास विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराचा, २००९ सालचा. तेथे मालकांनी स्वतः संकेतस्थळावर विकलेली घरे व दलालांमार्फत विकलेली घरे यांच्या किमतींत दलालाच्या बाजूने काही अधिक आढळले नाही, म्हणजे वाचलेली दलाली मालकाच्याच खिशात राहिली. परंतु मालकांना वेळ अधिक लागला, आणि कित्येकांना अखेर दलालाकडेच जावे लागले. दलालीच्या ठरीव दरांवरून त्याच देशात एवढे खटले झाले, की दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये ४१ कोटी ८० लक्ष डॉलर देऊन तडजोड पत्करली. शिकागोचे माप संगमनेरास जसेच्या तसे लागत नाही हे आम्ही जाणतो. तथापि घाई हा दलालाचा स्वार्थ आणि धीर हा मालकाचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे. गावातला जुना, जाणता दलाल केवळ गिऱ्हाईक आणीत नसे, तो माणसे एकत्र आणीत असे. जुन्या पेठेतील एखादा वाडा घ्या. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, त्यांना चार मुलगे व तीन मुली, त्यांतील दोघे दिवंगत, एक बहीण सोलापुरास, एक परदेशी. येथे मोबाईलवरील छायाचित्र काय करणार? महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि साऱ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही "बहिणींचे काही म्हणणे नाही" हे वाक्य आमच्या घराघरांतून अजून सहजपणे उच्चारले जाते, आणि ते बहिणींना विचारून उच्चारलेले असतेच असे नाही. दलाल असला की हक्कसोडपत्राची गोष्ट तो काढीत असे. बहुधा ती सही साडीचोळीवर कशी मिळेल हेही तोच सुचवीत असे, हा भाग वेगळा! आता मधला माणूस गेला म्हणजे हे बोलणे भावाला स्वतः, बहिणीच्या डोळ्यांस डोळा देऊन करावे लागेल. ऑनलाइन विक्रीने यदाकदाचित एवढेच साधले तरी आम्ही तिचे उपकार मानू.

ज्या वाडेकऱ्यांचा हा गुंता सुटलेला नाही त्यांनी जाहिरातच देऊ नये. आधी वारसनोंद, मग वाटणीपत्र किंवा सर्वांच्या सह्या, मग किंमत. खरेदीखत नोंदले म्हणजे शासनाने मालकीची हमी दिली, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती चुकीची आहे. आपल्याकडे दस्ताची नोंद होते, मालकीची नव्हे. म्हणून वाचलेल्या लाखातून काही हजार रुपये तीस वर्षांचा शोध घेणाऱ्या वकिलास देणे हा खर्च नाही, विमा आहे. ज्ञात दोष गिऱ्हाइकापासून लपविणे हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कपटासारखेच मानले आहे, आणि दलालाच्या तोंडून लपविले काय किंवा स्वतः लपविले काय, जबाबदारी मालकाचीच. शहराभोवतालच्या गुंठेवारीतील घरांविषयी तर अधिक जपावे. २००१ च्या कायद्याखाली ते बांधकाम नियमित झाले आहे किंवा नाही, याचा कागद हाती असल्यावाचून गिऱ्हाइकासमोर बसू नये.

केवळ नोटरीपुढे केलेल्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घर विकण्याची चाल तालुक्याच्या गावांत अद्याप मोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच सांगितले आहे की अशा कागदाने मालकी जात नाही व येत नाही. आणखी एक जुनी युक्ती आहे. थोडका इसार देऊन मालकाकडून साठेखत करून घ्यावयाचे, आणि मुदतीच्या आत तेच घर अधिक किमतीने तिसऱ्याच्या गळ्यात घालावयाचे. ऑनलाइन येणारा "थेट ग्राहक" हा पुष्कळदा वेष बदललेला हाच गृहस्थ असतो. साठेखतात मुदत व हस्तांतरास मनाई स्पष्ट लिहावी. इसार वीस हजार किंवा अधिक असेल तर रोख मुळीच घेऊ नये, कारण २०१५ पासून त्यास आयकर कायद्याची बंदी असून दंड घेतलेल्या रकमेएवढा होतो.

ठकांचा एक नवा प्रकारही आहे. आपण सैन्यात आहोत, घर न पाहताच पसंत आहे, टोकन पाठवितो, एवढा संकेत स्कॅन करा, असे सांगणारा फोन येतो. पैसे घेण्यासाठी कधीही पिन द्यावा लागत नाही, हे घरातील प्रत्येक वृद्धास पाठ करवावे. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

आता शासनाकडे वळू. महारेरा १ मे २०१७ पासून अस्तित्वात आहे, दलालांची नोंदणी सक्तीची आहे, २०२३ पासून त्यांना परीक्षाही द्यावी लागते. हे सारे ऐकून वाचकास वाटेल की आपल्या वाड्याच्या व्यवहारातील दलालही या शिस्तीत आला. तो आला नाही. कायद्याचे नववे कलम विकासकाच्या नोंदलेल्या प्रकल्पातील विक्रीपुरते आहे. जुने घर, पुनर्विक्रीची सदनिका, आजोबांचा वाडा यांच्या दलालास ना नोंदणी, ना परीक्षा, ना दलालीच्या दरावर बंधन. म्हणजे जेथे सामान्य गृहस्थ सर्वाधिक एकटा आहे तेथेच कायद्याची नजर पोचत नाही. पुनर्विक्रीच्या दलालासही नोंदणीच्या कक्षेत आणावे, ही मागणी आम्ही करतो. तिने प्रामाणिक दलालाचे नुकसान होणार नाही, उलट त्याची व भामट्याची गल्लत थांबेल.

दुसरी मागणी लहान व स्थानिक आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलेल्या माणसास आज बाहेरच्या टेबलावरील लेखनिकाचाच आधार असतो. विक्री करू इच्छिणाऱ्यास कोणते कागद, कोणत्या क्रमाने व किती शुल्क भरून लागतात, याचा मराठीतील स्वच्छ फलक त्या आवारात लावावा, आणि आठवड्यातून एक दिवस भूमी अभिलेख व नगरपरिषद यांचा एकेक कर्मचारी तेथे बसवावा. संगमनेरात हे पहिल्याने झाले तर आम्हांस विशेष आनंद होईल. या कामास नवा कायदा लागत नाही, एक फळा आणि दोन खुर्च्या लागतात.