प्रत्यक्ष कीं आप्तवाक्य?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लावण्याच्या भरांत मला ह्या वयांत एका सर्वस्वीं अपरिचित विषयाचा अभ्यास करावा लागला. झालें तें असें. माझ्या पुतण्याचा मुलगा, इयत्ता सातवींतला, अभ्यंगस्नान आटोपून फराळास बसला तो अंगांत एक काळा सदरा घालून. सदऱ्यावर दांत विचकणाऱ्या सांगाड्याचें चित्र. तो सदरा त्याच्या बापाच्या जुन्या ट्रंकेंतून निघालेला असून मुलाच्या गुडघ्यांपर्यंत पोंचत होता. माझ्या वहिनी, म्हणजे मुलाच्या आजी, मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीं जन्मभर मुलें वळविलींत; ह्यालाहि दोन शब्द सांगा. दिवसभर तें राक्षसी संगीत ऐकत असतो." मी तोंड उघडणार, इतक्यांत पुतण्या शांतपणें म्हणाला, "काका, मागें मलाहि तुम्हीं सांगितलें होतें. ह्या वेळीं आधीं पाहा आणि मग सांगा."

'मागें' ह्या शब्दांत काय होतें तें आम्हां दोघांसच ठाऊक होतें. १ फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईस वांद्रें-कुर्ला संकुलाच्या मैदानावर 'आयर्न मेडन' ह्या इंग्रज वादकमंडळाचा जलसा झाला. पुतण्या त्या वेळीं इंजिनियरिंगच्या शेवटल्या वर्षांत होता. मित्राकडे अभ्यासास जातों असें सांगून तो पुण्याहून तेथें गेला. पुढें दोन दिवसांनीं एका वर्तमानपत्रांत तसल्या जलशाचें छायाचित्र माझ्या पाहण्यांत आलें : विसकटलेले केस, उघडीं तोंडें, दोन बोटें उभारून वर केलेले शेंकडों हात. खोटें बोलल्याबद्दल मी त्यास रागें भरलों असतों तर तें योग्यच होतें. परंतु त्या एका चित्रावरून मी त्याच्या शीलाविषयीं जें बोललों, तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. चार महिने आमचा अबोला होता. नंतर बोलणें सुरू झालें. पण त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीं बोललों नाहीं.

पुतण्यानें मला 'हेवी मेटल' नांवाच्या त्या संगीतावरील कांहीं माहितीपट काढून दिले, आणि महिनाभर रात्रीं जेवणें झाल्यावर मी ते पाहिले. अडलेलें इंग्रजी समजावून देण्यास सातवींतला पंडित शेजारीं होताच.

विषयाची ओळख थोडक्यांत अशी. ह्या संगीताचें जन्मस्थान म्हणून इंग्लंडांतील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहराकडे बोट दाखविलें जातें. तेथील टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें तारा सैल करून स्वर खालीं उतरविला. 'ब्लॅक सॅबथ' ह्या त्याच्या मंडळाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली, आणि तो खर्जांतला जड, गडद नाद हीच पुढें ह्या संगीताची ओळख ठरली.

आतां मुख्य मुद्दा. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि त्यापुढें पाठशाळेंतल्या संस्कृताचें. तेव्हां मनांत जो प्रश्न आला तोहि न्यायशास्त्राच्या पोषाखांतच आला. नैयायिकांनीं प्रमाणें चार मानलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चित्रपट ह्यांपैकीं कोणतें? डोळ्यांनीं पाहतों, कानांनीं ऐकतों, म्हणून आपण त्यास प्रत्यक्ष समजतों. परंतु कोणत्या जागीं उभें राहावयाचें, कोणास विचारावयाचें, कोणतें वाक्य ठेवून कोणतें कापावयाचें, हें सारें दुसऱ्या कोणी आधींच ठरविलेलें असतें. म्हणजे माहितीपट हें प्रत्यक्ष नसून शब्द आहे. आणि शब्द प्रमाण ठरतो तो केवळ आप्ताच्या मुखांतून आलेला असेल तर. आप्तास दोन गोष्टी लागतात : विषयाचें ज्ञान, आणि तो जसा आहे तसाच सांगण्याची इच्छा. ह्या कसोटीवर मीं एकेक चित्रपट घांसून पाहिला.

पहिला चित्रपट पेनेलोपी स्फीरिस ह्या दिग्दर्शिकेचा, १९८८ सालचा, लॉस एंजेलिस शहरांतील ह्या संगीताच्या जगावर. त्यांत 'ब्लॅक सॅबथ'चे मूळ गायक ऑझी ऑस्बर्न (हे जुलै २०२५ मध्यें निवर्तले) स्वयंपाकघरांत न्याहारी करीत असतां संत्र्याचा रस पेल्यांत ओततांना बाहेर सांडतात. प्रेक्षकानें समजावें कीं व्यसनानें हाताची ही दशा केली. पुढें दिग्दर्शिकेनें स्वतःच कबूल केलें कीं तो सांडण्याचा प्रकार बनावट होता आणि तें स्वयंपाकघरहि त्यांचें नव्हतें. आतां गंमत अशी कीं ऑस्बर्न ह्यांचें व्यसन खरें होतें. तें त्यांनीं स्वतः अनेकदां सांगितलें आहे. साध्य खरें, पण त्याच्या सिद्धीसाठीं पुढें केलेला हेतु खोटा. आमच्या शास्त्रांत ह्यास हेत्वाभास म्हणतात. खऱ्या गोष्टीसाठीं खोटा साक्षीदार उभा केला कीं पुढें खऱ्या साक्षीदारावरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

दुसरा चित्रपट अवघा सुमारें सतरा मिनिटांचा. जेफ क्रुलिक आणि जॉन हेन ह्या दोघां तरुणांनीं १९८६ सालच्या मे महिन्यांत, अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतांत, 'जूडास प्रीस्ट' मंडळाच्या जलशापूर्वीं बाहेरच्या मोटारतळावर जमलेल्या तरुणांस बोलतें केलें. निवेदक नाहीं, उपदेश नाहीं. मुलें दारू पितात, ओरडतात, आपल्या आवडत्या गायकाचें नांव घेऊन नाचतात. ह्यांत बनावट कांहीं नाहीं. तथापि ही एका दुपारची गोष्ट आहे. हींच मुलें सोमवारीं कोणत्या दुकानांत वा कारखान्यांत कामास उभीं राहिलीं, हें तींत नाहीं. लक्षण करतांना जो अव्याप्तीचा दोष होतो, तो हा.

नॉर्वे देशाविषयींच्या चित्रपटांत नेमका उलट दोष होण्याचा संभव. तेथें १९९२ सालापासून ह्या संगीताच्या एका उपपंथांतील कांहीं तरुणांनीं जुनीं लाकडी चर्चें जाळलीं. १९९३ त एका वादकानें दुसऱ्याचा खून केला आणि त्यास पुढील वर्षीं एकवीस वर्षांची शिक्षा झाली. हीं कृत्यें घोर खरीं. आरन एट्स आणि ऑड्री यूएल ह्यांच्या २००८ सालच्या चित्रपटांत ह्याच कैद्याची तुरुंगांत घेतलेली दीर्घ मुलाखत आहे. पाहतांना मला सारखें वाटत होतें कीं, आरोपीसच आपल्या खटल्याचा मुख्य साक्षीदार केला आहे. आणि कांहीं थोड्यांच्या अपराधावरून साऱ्या संप्रदायाचें लक्षण बांधणें ही तर उघड अतिव्याप्ति होय. २००८ सालीं मीं दुसरें काय केलें होतें?

सॅम डन हा कॅनडांतील तरुण मानववंशशास्त्राचा विद्यार्थी, आणि लहानपणापासून ह्या संगीताचा भक्त. २००५ साली त्यानें आपल्या दोघां सहकाऱ्यांसह काढलेला चित्रपट ह्या साऱ्यांत मला अधिक विद्वत्तापूर्ण वाटला. तो उगम विचारतो, धर्म विचारतो, हिंसा विचारतो. १९८५ सालीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें गाण्यांतील शब्दांविषयीं चौकशी झाली व तींत डी स्नायडर ह्या गायकानें साक्ष दिली, तें प्रकरणहि तो उलगडतो. नॉर्वेसहि तो जातो. २००८ सालच्या त्याच्या दुसऱ्या चित्रपटांत ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया अशा देशांबरोबर आपला हिंदुस्थानहि आहे. ज्ञान आहे, सांगण्याची इच्छाहि आहे. पण भक्ति आहे. महिपतीचीं संतचरित्रें वाचतांना आपण जी सूट देतों, ती येथेंहि थोडी द्यावी लागते.

मग भक्ति नसलेलाच बरा, असें म्हणावें तर आणखी दोन चित्रपट आडवे येतात. पहिला 'मेटॅलिका' मंडळावरचा, बर्लिंजर व सिनॉफ्स्की ह्यांचा, २००४ सालचा. हें कोट्यधीश वादकांचें मंडळ. पण चित्रपट पाहतांना मला आपलीं एकत्र कुटुंबेंच आठवलीं. एक भागीदार घर सोडून गेलेला. एक दारूवरील उपचार घेऊन परतलेला व चार वाजल्यानंतर काम करणार नाहीं म्हणून अडून बसलेला. आणि सारेजण एकमेकांशीं नीट बोलावेत म्हणून दरमहा चाळीस हजार डॉलर देऊन ठेवलेला एक समुपदेशक. ढोलवादकाचे पांढऱ्या दाढीचे वृद्ध वडील नवी चाल ऐकतात आणि ती काढून टाका म्हणून निर्विकारपणें सांगतात. तेव्हां त्या जगप्रसिद्ध चिरंजीवांचें तोंड पाहण्यासारखें होतें. ह्या चित्रपटाचा खर्च शेवटीं त्या मंडळानेंच सोसला होता. यजमानाच्या पैशानें यजमानाचे दोष दाखविणें हें दोन्ही पक्षांस भूषणावह आहे.

दुसरा साशा गेर्व्हासी ह्यांचा, टोरोंटोच्या 'अँव्हिल' मंडळावरचा, २००८ सालचा. हे दिग्दर्शक कुमारवयांत ह्याच मंडळाचें सामान वाहत असत. १९८४ सालीं जपानांत मोठ्यामोठ्यांच्या बरोबरीनें वाजविलेलें हें मंडळ पुढें विस्मृतींत गेलें. मुख्य गायक शाळांत जेवणाचे डबे पोंचवून पोट भरतो. युरोपच्या दौऱ्यांत गाड्या चुकतात, पैसे बुडतात. पन्नाशीच्या घरांत आलेले हे दोघे बालमित्र भांडतात, रडतात, पुन्हा एक होतात. तेरावी ध्वनिमुद्रिका काढण्यास बहीण पैसे उसने देते. शेवटीं जपानांत त्यांची पाळी सकाळच्या वेळीं येते. सभागृह रिकामें असेल ह्या भीतीनें ते चालत येतात, आणि तें भरलेलें असतें. त्या रात्रीं वहिनीहि आमच्यांत येऊन बसल्या होत्या. त्यांनीं डोळ्यांस पदर लावला. पण संगीताविषयींचें आपलें मत बदललें नाहीं.

आणखी एक सांगतों. सुरूश अल्वी व एडी मोरेटी ह्यांच्या २००७ सालच्या चित्रपटांत बगदादचे कांहीं तरुण आहेत. सद्दामच्या राजवटींत जाहीरपणें वाजविण्यासाठीं त्यांस त्याच्या स्तुतीचें एक गीत रचावें लागलें. पुढें युद्ध आलें, सरावाची जागा बाँबहल्ल्यांत नष्ट झाली, आणि ते दमास्कसला निर्वासित म्हणून गेले. मृत्यूचीं चित्रें गाण्यांत कशाला, हा माझा जुना आक्षेप. दारांतच मृत्यु उभा असलेल्या मुलांनीं दुसरें काय गावें, ह्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

एवढें पाहून माझें मत असें झालें कीं, हे चित्रपट वादकांचें जीवन बऱ्यापैकीं दाखवितात, वादग्रस्त प्रसंग गरजेपेक्षां अधिक दाखवितात, आणि साधा श्रोता जवळजवळ दाखवीतच नाहींत. नाद तर त्यांत मावतच नाहीं. अनंतचतुर्दशीस लक्ष्मीरस्त्यावर ढोलपथकासमोर जो उभा राहिला आहे, त्यास छातींत वाजणारा ढोल काय तें ठाऊक आहे. त्या मिरवणुकीचें एक मूक छायाचित्र परक्या माणसाच्या हातीं दिलें तर त्यांत काय दिसेल? गुलालानें माखलेलीं तोंडें, विसकटलेले केस, वर केलेले शेंकडों हात. हा विचार मनांत आला आणि त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

शेवटचा चित्रपट आम्ही दोघांनीं मिळून पाहिला. सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन ह्यांचाच, २००९ सालीं प्रदर्शित झालेला. 'आयर्न मेडन'चे गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवीत मंडळास जगभर नेतात, त्या दौऱ्याचा. आरंभ मुंबईचा, १ फेब्रुवारी २००८ चा. एक गाणेंहि तेथलेंच आहे. तें चालू असतां पुतण्या त्या गर्दींत स्वतःस शोधीत होता. सांपडला नाहीं.

मीं विचारलें, "मग त्या रात्रीं झालें तरी काय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मीं प्रथमच विचारीत होतों. तो म्हणाला, "काका, शेजारच्या एका अनोळखी मुलानें आपल्यांतला अर्धा वडापाव मला दिला. परत येतांना पुण्याची गाडी चुकली, म्हणून पहाटेपर्यंत दादर स्टेशनावर बसलों. कान गुंगत होते. फार आनंद झाला होता, आणि तो घरीं कोणाला सांगतां येणार नाहीं ह्याचें वाईट वाटत होतें." हें कोणत्याहि चित्रपटांत नाहीं. ह्या विषयांतला आप्त माझ्या घरांतच होता, आणि मीं त्याची साक्षच घेतली नव्हती. मीं त्यास तसें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. उठून दोघांसाठीं पुन्हा चहा ठेवला.

वहिनींनीं मागितलेले दोन शब्द मुलास सांगावयाचे राहिले होते, तेहि सांगितले : आवाज बेताचा ठेव, कान जन्मभर पुरवावयाचे आहेत, आणि जें ऐकशील तें कधीं मधीं मलाहि ऐकव. वहिनींनीं त्यांत तिसरा घातला : आरतीच्या वेळीं तो सदरा चालणार नाहीं. मुलानें तें मान्य केलें आहे.