अवजारांचा देव्हारा

गेल्या खंडेनवमीला मी माझ्या अवजारांची पूजा मांडली आणि हळदकुंकू वाहता वाहताच मला माझी लाज वाटली.

एका पाटावर ती मावेनात. मी दुसरा पाट मागितला, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, पाट कशाला? कपाटालाच हार घाला.” मी ते हसण्यावारी नेले, पण मोजदाद केली तेव्हा हसू मावळले. वेल्डिंगच्या माझ्या छंदापायी घरात आलेल्या लहानमोठ्या जिनसा भरल्या ४३. त्यांतल्या ९ काळवंडलेल्या, चरे पडलेल्या. उरलेल्या ३४ इतक्या कोऱ्या, की त्यांच्यावरचे कारखान्यातले तेलही निघाले नव्हते.

त्याच सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मी प्रसादाला जाऊन आलो होतो. तिथे मिस्त्रींनी एका फळकुटावर पूजा मांडली होती. जळक्या जबड्याचा होल्डर, दांड्याला चिंधी गुंडाळलेली हातोडी, दात झडलेला तारेचा ब्रश, एक गुण्या, एक कानस, दोन क्लॅम्प. शेजारी यंत्र आणि ग्राइंडर. एवढ्या सामग्रीवर त्या माणसाने निम्म्या गावाला खिडक्यांचे गज आणि फाटके करून दिली आहेत. त्यांच्या अवजारांना वर्षातून एक दिवस विसावा मिळतो, म्हणून त्या दिवशी त्यांची पूजा. माझी बाराही महिने विसाव्यातच असतात; त्यांची पूजा कसली करायची?

नरकचतुर्दशीला कारीट चिरडून त्याचा कडवट रस जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. फराळाला बसण्यापूर्वी वाचकांनी हा लेख त्या कारिटासारखा समजावा. मला जे म्हणायचे आहे ते असे: अवजारे जमवण्याचा नाद म्हणजे काम टाळण्याचा सभ्य मार्ग होय. तो व्यसनासारखा लागतो, आणि व्यसनासारखीच त्याची किंमत घरातले दुसरे कुणीतरी भरते. माझ्या घरी ती कुणी भरली ते मी लपवणार नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. शाळेत मुलांना कार्यानुभव शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आमच्या घराच्या मागल्या दारी परसात उतरायला दगडी पायऱ्या आहेत, सात. आईचे वय तेव्हा शहात्तर. तुळशीला पाणी घालायला ती रोज त्या पायऱ्या उतरते. एक दिवस ती म्हणाली, “या कडेला धरायला काहीतरी कर बाबा.” मिस्त्रींना सांगितले असते तर दोन दिवसांत कठडा उभा राहिला असता. पण मी म्हणालो, “तुझा कठडा मी माझ्या हातांनी करीन.” या वाक्यात मातृभक्ती किती होती आणि मिरवण्याची हौस किती, हे मी आज विचारत नाही.

पहिल्या महिन्यात २०० अँपिअरचे इन्व्हर्टर यंत्र आले. मग आर्क पेटताच पापणी लवण्याच्या आत आपोआप काळा होणारा मुखवटा आला. मग कळले, की नळ्या काटकोनात धरायला लोहचुंबकाचे गुण्ये लागतात. ते आले, तेव्हा कळले, की ते तीन मापांत येतात. क्लॅम्प कितीही असले तरी कमीच पडतात, असे कुठेतरी ऐकले. मी ते वेदवाक्य मानून क्लॅम्प नऊ केले. क्लॅम्प लावायला लोखंडी टेबल हवे. टेबल करायला आणखी क्लॅम्प हवेत. कमी हायड्रोजनच्या ७०१८ क्रमांकाच्या कांड्या बड्या कामाला वापरतात असे समजले, म्हणून त्या आणल्या. वास्तविक घराच्या कठड्याला साधी ६०१३ पुष्कळ होते. शिवाय ७०१८ ला ओल मुळीच चालत नाही. फोडलेला पुडा सुकवायला भट्टी लागते. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पावसात तो पुडा दमट झाला. तेव्हा मी काय केले असेल? कांड्या सुकवण्याच्या भट्टीची किंमत काढली!

अठराव्या शतकातल्या देनी दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकाने आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंध लिहिला आहे. त्याला एक नवा, भपकेदार झगा मिळाला. त्या झग्यापुढे घरातली गवती विणीची खुर्ची दरिद्री दिसू लागली, म्हणून चामड्याची आली. मग मेज बदलले, मग भिंतीवरची चित्रे बदलली. शेवटी तो जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. तो जुन्या झग्याचा धनी होता. नव्याचा गुलाम झाला. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झग्याने जे केले, तेच आमच्या तालुक्याच्या गावी एका गुण्याने केले.

अकरा महिने गेले. या अकरा महिन्यांत मी कांड्या जाळल्या मोजून २१.

आषाढातल्या एका रविवारी मी पुण्याला बोहरी आळीत होतो. कमीजास्त कोनात फिरवता येणारा एक चुंबकी गुण्या मला हवा होता. तो आल्याखेरीज कठड्याला हात घालायचा नाही असे मी ठरवले होते. संध्याकाळी पिशवी घेऊन घरी आलो तो दार बंद. शेजाऱ्यांनी सांगितले, आईंना दवाखान्यात नेले आहे. चौथ्या पायरीवरच्या शेवाळावरून ती घसरली होती. उजवे मनगट मोडले होते. प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून ती बाकावर बसली होती. मला पाहून तिने एवढेच विचारले, “मिळाला का रे तुला तुझा तो तुकडा?”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

आता कुणी म्हणेल, हा तुमचा आळस. अवजारांना का बोल लावता? मी अवजारांना बोल लावतच नाही. मी त्या खरेदीच्या गोडीला बोल लावतो आहे, आणि ती गोडी कशात आहे ते मला आता नेमके ठाऊक आहे. विकत घेताना चूक होत नाही. काम करताना होते. पहिल्या दिवशी कांडी लोखंडाला चिकटून बसते. सोडवायला जावे तो पातळ नळीला भोक पडते. जोड म्हणून जे दिसते ते कबुतराने घाण करावी तसे दिसते. चाळिशी उलटलेल्या, चारचौघांत गुरुजी म्हणवून घेणाऱ्या माणसाला ही फजिती सोसत नाही. त्यावर बाजार त्याला एक गोड कारण देतो: “तुमचा हात वाईट नाही हो, तुमच्यापाशी अमुक वस्तू नाही.” एवढे ऐकायला आपण पैसे मोजतो. वस्तू घरी येते तो दिवस सणासारखा जातो. दुसऱ्या दिवशी हात तोच असतो.

आणि ही विद्या आहे तरी केवढी? अडीच मिलिमीटरची कांडी, ७० ते ९० अँपिअर, नळी पातळ असेल तर त्याहून कमी. कांडीचे टोक धातूपासून साधारण कांडीच्या जाडीइतके दूर. चाल संथ आणि सारखी. तोंडी सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती हातात उतरायला मात्र कांड्या जाळाव्या लागतात. अशी एक कांडी जळायला मिनिटभर लागते. म्हणजे शंभर कांड्या जाळल्या, तरी प्रत्यक्ष आर्क पेटलेला वेळ दोन तासांच्या आतच. अकरा महिन्यांत मला हे दोन तास सापडले नाहीत. बोहरी आळीच्या फेऱ्यांना मात्र अख्खे रविवार सापडले.

आपल्या गावांतून फिरणारे घिसाडी आठवा. रस्त्याच्या कडेला पाल पडते, जमिनीत ऐरण रोवली जाते, भाता फुंकला जातो. घण, सांडशी, छिन्नी. सारा कारखाना एका गाड्यात मावतो. नवरा सांडशीत तापले लोखंड धरतो आणि बायको घण घालते. त्यांनी पाजवलेल्या कुऱ्हाडी आणि विळे आपल्या आज्यांनी आयुष्यभर वापरले. दूरचे उदाहरण हवे असेल तर दुसऱ्या महायुद्धाचे घ्या. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची २,७१० मालवाहू जहाजे बांधली, तीही मुख्यतः रिव्हेटऐवजी वेल्डिंगने. ती जोडणाऱ्यांत असंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणींनी पूर्वी कधी होल्डर पाहिलाही नव्हता. त्यांना आधी हत्यारांचे कपाट भरायला कुणी सांगितले नाही. मुखवटा, हातमोजे, होल्डर, हातोडी, ब्रश दिला आणि कामाला उभे केले.

दुसरा आक्षेप याहून सरळ आहे. “आम्ही आमच्या पैशाने हौस करतो. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी; आम्ही पाने-पकडी जमवतो. तुमचे काय जाते?” माझे काही जात नाही. तिकिटे जमवणारा आपल्याला पोस्टमन म्हणवत नाही, एवढेच लक्षात ठेवा. अवजारे सुंदर असतात. ती काचेच्या कपाटात लावा, पाहुण्यांना दाखवा. पण मग त्याला संग्रह म्हणा. घरच्या माणसांना कठड्याचे वचन देऊन ठेवू नका.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. काही वस्तू आधीच घ्याव्या लागतात आणि तिथे काटकसर पाप आहे. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. जस्ताचा मुलामा दिलेली नळी तशीच जाळली, की त्या धुराने रात्री ताप भरतो. तेव्हा योग्य काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडरसाठी चष्मा, सुती जाड कपडे आणि मोकळी हवा, यांवाचून आर्क पेटवू नये. पण गंमत अशी, की संग्राहक नेमका इथेच हात आखडता घेतो. माझ्यापाशी नऊ क्लॅम्प होते तेव्हा हातमोजे बागकामाचे होते! जिवाला जपणारी वस्तू मिरवता येत नाही. मिरवता येणारी वस्तू जिवाला जपत नाही.

ही सारी फसवणूक मला आधीच ओळखू यायला हवी होती, कारण ती माझ्या दुसऱ्या धंद्यात रोजची आहे. आपल्या भाषेने मोठी थट्टा करून ठेवली आहे. ग्रंथ तेही साहित्य, आणि सामानसुमान तेही साहित्य! कित्येक होतकरू लेखक मला भेटतात. त्यांच्यापाशी जाड कागदाच्या वह्या असतात, शाईच्या चार रंगांच्या बाटल्या असतात, खिडकीपाशी मेज असते. साहित्य सगळे असते. साहित्य मात्र नसते. मी त्यांना ऐटीत सांगत आलो, की माझी पहिली कादंबरी मी उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिली. लेखणीच्या बाबतीत जे मला विसाव्या वर्षी कळले, ते होल्डरच्या बाबतीत चाळिशीनंतर आईचा हात मोडल्यावर कळले. माणूस एका धंद्यात शहाणा असला, म्हणजे दुसऱ्यात असतोच असे नाही.

भाद्रपदात मी कठडा केला. आधी मिस्त्रींच्या अंगणातल्या भंगारावर चार संध्याकाळी नुसत्या कांड्या जाळल्या. मग यंत्र, मुखवटा, चामड्याचे हातमोजे, चष्मा, ग्राइंडर, हातोडी, ब्रश आणि दोन क्लॅम्प, एवढ्या नऊ वस्तूंनी काम झाले. फिरता गुण्या लागलाच नाही. काटकोन मिस्त्रींच्या जुन्या गुण्याने तपासला. तिसऱ्या खांबाचा जोड आजही ओबडधोबड दिसतो. मी तो घासून गुळगुळीत करणार होतो. मिस्त्री म्हणाले, “राहू द्या गुरुजी. पक्का आहे. घासाल तर पातळ होईल.”

खंडेनवमीनंतर मी उरलेल्या वस्तू त्यांच्यापुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी दोन क्लॅम्प उचलले आणि म्हणाले, “बाकीचे असू द्या तुमच्याकडे. काम निघालं की मागून नेईन.” काम निघाले की! अवजार घरात केव्हा यावे, याविषयी माझे सारे म्हणणे त्यांनी तीन शब्दांत सांगून टाकले. कामाने मागितलेली वस्तू उसनी मिळाली तरी चालते. कामाने न मागितलेली वस्तू फुकट मिळाली तरी महाग पडते.

गेल्या दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या पहाटे आई पणती घेऊन मागल्या दारी गेली. मनगट बरे झाले आहे, पण मूठ पूर्वीसारखी वळत नाही. तिने पणती डाव्या हातात घेतली, उजवा हात कठड्यावर टेकला आणि एकेक पायरी उतरून तुळशीपाशी गेली. मी दारात उभा राहून तो तिसरा खांब हलतो का ते पाहत होतो. हलला नाही.

धनत्रयोदशीला काहीतरी धातूचे घरात आणावे अशी आपली चाल आहे. ती मोडा असे मी म्हणत नाही. बाजारात निघण्यापूर्वी एवढेच करा, घरातले एक कपाट उघडा आणि अजून तेल न निघालेल्या वस्तू मोजा. मग घरात कुणी तुमच्यापाशी काय मागितले होते ते आठवा. आणि तरीही बाजारात जायचेच असेल, तर अडीच मिलिमीटरच्या कांड्यांचा एक पुडा घ्या, आणि पाडव्याच्या आत तो संपवा.