जत्रेतली जागा लिलावात का काढता?

जत्रेहून परतलेला माणूस हल्ली दोन तक्रारी हमखास करतो. एक, गर्दी फार होती. दुसरी, भजी फार महाग होती. गर्दीचे एक वेळ सोडून देऊ. जत्रेला गर्दी नको असेल तर घरी बसावे. भज्यांच्या भावावर मात्र मला आज भांडायचे आहे. हा भाव कढईपाशी ठरतच नाही. तो जत्रेच्या पंधरा दिवस आधी देवळाच्या ओट्यावर, नाहीतर चावडीत ठरतो. तिथे जागेचा लिलाव होतो.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आमची पुण्या-मुंबईची भाचरे त्यात आलीच!) थोडे सविस्तर सांगते. जत्रेच्या मैदानात फक्कीने चौकोन आखतात. देवळाच्या वाटेवरचा चौकोन महाग, पाळण्यांशेजारचा त्याहून थोडा कमी, गटाराकडचा स्वस्त. मग बोली लागते. सगळीकडे एकच पद्धत नाही. कुठे ग्रामपंचायत ठराविक पावती फाडते, कुठे यात्रा कमिटी बोली लावते, तर कुठे अख्खा बाजारच एका ठेकेदाराला देऊन टाकतात आणि तो पुढे आपल्या मर्जीने जागा विकतो. पहिली पद्धत मला मान्य आहे. माझे भांडण उरलेल्या दोन पद्धतींशी आहे.

आता हिशेब करू. चाळीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे तोंडी हिशेबाची खोड जात नाही. समजा, तीन दिवसांच्या जत्रेत दहा बाय दहाची जागा १५ हजारांना गेली. भज्यांची प्लेट ३० रुपयांना. म्हणजे पहिल्या ५०० प्लेटा नुसत्या जागेच्या भाड्याच्या. त्यात बेसन नाही, तेल नाही, गॅस नाही, कांदा नाही, दोन पोरांची मजुरी नाही. त्या सगळ्याचे पैसे धरले तर हजार-बाराशे प्लेटा विकल्याशिवाय त्या माणसाला घरी नेण्यासारखे काही उरत नाही. एवढ्यात अवकाळी पाऊस आला तर? पाऊस आला म्हणून लिलावाचे पैसे परत मिळाल्याचे मी तरी अजून ऐकलेले नाही.

मग तो काय करणार? तीनच वाटा. प्लेट ५० ची करणार, प्लेटीतली भजी कमी करणार, नाहीतर कालचे तेल आज वापरणार. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. नियम चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण तेल बदलायला पैसे लागतात, आणि ते पैसे आपण आधीच बोलीत काढून घेतलेले असतात. एका हाताने त्याचा खिसा रिकामा करायचा आणि दुसऱ्या हाताने कढईत बोट घालून 'तेल काळे का?' म्हणून विचारायचे, हा कुठला न्याय?

माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची बायको हा धंदा करतात. त्याचे वडील पाल ठोकून जिलबी तळायचे. याने पत्र्याची बंद गाडी बांधून घेतली आहे. पिकअपच्या मागे जोडायची, मैदानात उभी करायची, बाजूची फळी वर उचलली की दुकान तयार. कार्तिकात निघायचे आणि वैशाख संपेपर्यंत या जत्रेतून त्या जत्रेत. मार्गशीर्षात खंडोबा, पौषात पालीची यात्रा, मग माघ, शिवरात्र, आणि चैत्रात तर गावोगावच्या ग्रामदैवतांची रांगच लागते. आठवड्याच्या बाजारांनी मधले दिवस भरून काढायचे. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली. म्हणजे कमाई सहा-सात महिन्यांची आणि खाणे बारा महिन्यांचे.

एका गावात (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तो आणि त्याच्या आधी त्याचे वडील मिळून पंचवीसेक वर्षे एकाच कोपऱ्यावर उभे राहत होते. लोक त्या कोपऱ्याला यांच्या नावाने ओळखत. एका वर्षी इसार घेऊनसुद्धा तो कोपरा दुसऱ्याला दिला, कारण त्याची बोली मोठी होती. याला जनावरांच्या बाजाराकडची कडेची जागा मिळाली. तो मला म्हणाला, "बाई, देवाच्या दारात घासाघीस करू नये म्हणतात. पण तिथं आमचीच बोली लावतात." यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून हा लेख.

कमिटीची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, लिलावाचे पैसे देवळाला लागतात, कुस्त्यांना लागतात, तमाशाला लागतात. खरे आहे. पण जरा उलटून बघा. तमाशाच्या फडाला गाव सुपारी देते. पैलवानाला इनाम देते. बँडवाल्याला बिदागी देते. आणि ज्याच्या चहा-भज्यांवर लोक दिवसभर मैदानात टिकून राहतात, त्याच्याकडून मात्र सगळ्यात जास्त पैसे घेते. शेव-रेवडी, गोडीशेव, बत्तासे, जिलबी काढून टाका आणि मग जत्रा भरवून दाखवा. दर्शन घेऊन माणसे तासाभरात घरी जातील. कोकणात आणि गोव्यात तर जत्रा म्हटले की देवाच्या पाठोपाठ खाजेच आठवते. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, सगळ्यांना आनंद झाला. मानांकन पदार्थाला मिळते, पण तो पदार्थ टिकवला कुणी? जत्रा-जत्रांतून कढया घेऊन फिरणाऱ्या माणसांनी.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. जो जास्त देईल त्याला जागा, हा बाजाराचा नियमच आहे म्हणे. अहो, पण ही जागा कुणाच्या मालकीचा गाळा आहे का? ती गावकीची जागा, वर्षातून तीन दिवस सगळ्यांसाठी मोकळी. जास्त देईल त्यालाच जागा मिळाली, तर उद्या तिथे गावोगाव शाखा असलेली मोठी कंपनीच येईल, बंद पाकिटातले खाणे विकेल आणि तालुक्याची चव संपेल. सरकारलाही बोलीशिवाय जागा देता येते, हे आपण पाहतोच. 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनात खेड्यापाड्यांतल्या बचत गटांच्या बायकांना मुंबईत आणून जागा देतात. मुंबईत जमते ते गावच्या माळावर का जमू नये?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग होऊन सुमारे तीनशे माणसे गेली. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांत गॅसचे सिलिंडर. त्या दुर्घटनेचे खापर मी लिलावावर फोडत नाही. पण त्यातून घ्यायचा धडा लिलावाच्या बरोबर उलटा आहे. देवळाच्या वाटेवर एकही कढई नको, हा तो धडा. आणि लिलावात सगळ्यात मोठी बोली कुठल्या चौकोनाला लागते? त्याच वाटेवरच्या! ज्याला त्या चौकोनाचे पैसे मिळतात, तो 'इथे दुकान नको' असे कशाला म्हणेल? ठरलेला सारखा दर असला, तर वाट मोकळी सोडताना कुणाचे नुकसान होत नाही. चाकांच्या गाड्या तर मैदानाच्या कडेला, एकमेकींपासून अंतर ठेवून सहज उभ्या करता येतात.

आता कायद्याकडे वळू. २०१४ साली केंद्र सरकारने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात शहराच्या विक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे आहे. दर पाच वर्षांनी पाहणी करावी असे आहे. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार मानून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही आहे. किती चांगले! पण हा कायदा शहरांसाठी, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत आणि छावणी मंडळांच्या हद्दीपुरता. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली जत्रा त्याच्या कक्षेत येत नाही. शहरातला पन्नास वर्षांचा बाजार हा वारसा, आणि शेकडो वर्षांची जत्रा मात्र लिलावाचा माल!

याची किंमत किती पडते ते २०२० साली दिसले. त्या वर्षी देशभरची टाळेबंदी सुरू झाली ती नेमकी गुढीपाडव्याला, २५ मार्चला. म्हणजे चैत्राच्या पहिल्या दिवशी. वर्षभराची कमाई ज्या महिन्यात करायची, तो महिना अख्खा बुडाला. पुढच्या वर्षीचा चैत्रही दुसऱ्या लाटेत गेला. २०२० च्या जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी १० हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली, पण तीही शहराच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांसाठी. आज या जत्रेत, उद्या त्या बाजारात फिरणारा माणूस कुठल्या शहराचे ओळखपत्र दाखवणार? गंमत बघा, अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत फिरता विक्रेता आणि तात्पुरत्या दुकानाचा मालक यांची आठवण ठेवली होती. वर्षाला १०० रुपये भरून नोंदणी करायची. म्हणजे नोंद करायची वेळ आली की तो दिसतो, हक्क द्यायची वेळ आली की दिसत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. लिलाव बंद करून आकारमानानुसार ठरलेला दर लावा आणि तो फळ्यावर लिहा. जुन्या विक्रेत्याला आधी विचारा, उरलेल्या जागांसाठी चिठ्ठ्या टाका. पोटभाड्याला बंदी घाला. घेतलेल्या पैशातून पिण्याचे पाणी, दिवे आणि स्वच्छतागृह द्या. गाडीवर रात्र काढणाऱ्या बायकांचे त्यावाचून काय हाल होतात, हे लिहायलाही संकोच वाटतो. आणि जत्रा रद्द झाली तर पैसे परत करा. यातली एकही गोष्ट अशी नाही की तिच्यासाठी मंत्रालयात जावे लागेल. गावाने ठरवले की झाले.

आणि गाव म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच की! चैत्राच्या आधी कमिटीची माणसे वर्गणीला येतात. पुण्या-मुंबईतल्या गावकऱ्यांकडे तर आवर्जून जातात, आणि आपण 'गावचा देव आहे' म्हणून मुकाट्याने पैसे काढून देतो. यंदा वर्गणी जरूर द्या, पण पावती घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. मैदानातली जागा लिलावाने देणार की ठरलेल्या दराने? आणि गेल्या वर्षीच्या जागेच्या पैशांचा हिशेब कुठे लावला आहे? काय उत्तर मिळाले ते मला जरूर कळवा. गावागावांची उत्तरे एकत्र करून इथेच मांडीन.