मिरजेचा एकोपा कशावर उभा होता?

पाटणहून वाहत जाणारी कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि तेच पाणी पुढे मिरजेच्या कृष्णाघाटावरून कर्नाटकाकडे जाते. खोऱ्याच्या या सीमेवरील शहराचा इतिहास आज दोन प्रकारे सांगितला जातो. एक पक्ष त्यास धर्मयुद्धाची रणभूमी ठरवितो. दुसरा पक्ष, म्हणजे बहुधा आपणच, ऐक्याचे गोडवे गाऊन स्वस्थ बसतो. या ऐक्याखालचा आर्थिक पाया मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो.

बहामनी, आदिलशाही, मोगल, मराठे, पटवर्धन संस्थानिक आणि इंग्रज अशा सत्ता मिरजेवरून गेल्या. मराठी, कानडी व दख्खनी या तिन्ही भाषा पेठेत बोलल्या गेल्या, कारण देवघेव तिन्ही भाषिकांशी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचा काळ सरत आला, तेव्हा शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. भोपळा पंढरपूरकडच्या शेतकऱ्याचा, हात मुसलमान कारागिराचा, आणि गिऱ्हाईक सर्व जातिधर्मांचे गवई! याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबरांना गाणे शिकविले. उत्तरेतील कैराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्याच दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय काढले. तेव्हापासून सीमेपलीकडचा रोगीही मिरजेची वाट धरू लागला.

हा भूतकाळ सोन्याचा होता, असा याचा अर्थ नव्हे. जातीची उतरंड येथेही होती आणि संस्थानी अंमलात रयत रयतच राहिली. परंतु एकाच्या श्रमावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते. उपदेशाने जे साधत नाही, ते या परस्परावलंबनाने साधले.

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्राचे निमित्त होऊन मिरजेत दंगल पेटली आणि तिची झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत पोहोचली. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली होती, हेही विसरून चालणार नाही. आपण शांतता सभा घेतल्या, आणि ते योग्यच झाले. पण सभा संपल्यावर आपण कारागिराच्या उंबऱ्यावर गेलो काय? त्याच्या कर्जाची, कच्च्या मालाच्या भावाची, विजेवर वाजणाऱ्या तानपुऱ्याने हिरावलेल्या मागणीची चौकशी केली काय?

२०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. तथापि मानांकनाने नाव राखले जाते. मजुरी आपोआप वाढत नाही. नफा दुकानदाराच्या गल्ल्यात राहावा की घडविणाऱ्याच्या घरी जावा, हे संघटनेवरच ठरेल. कच्च्या मालाची सहकारी खरेदी, स्वस्त कर्ज आणि शिकाऊ मुलांना विद्यावेतन या तीन मागण्या घेऊन तालुका शाखांनी काम सुरू करावे. त्यात भोपळा पिकविणारा शेतकरी, लाकूड कापणारा मजूर आणि तारा जुळविणारा कारागीर एकत्र बसले पाहिजेत.

रिकाम्या हातांना दंगलीचे निमंत्रण लवकर पोहोचते. एकोप्यावर भाषणे पुष्कळ झाली. ज्या कामाने तो एकोपा घडविला, ते काम वाचविणे हे आता आपले काम आहे.